निमंत्रण कोणाचे?

कलेला सीमा नसतात, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. समारंभात हे वाक्य शोभून दिसते आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तर ते हटकून आढळते. परंतु कलावंताला मात्र सीमा असतात. त्याला पारपत्र लागते, परवाना लागतो, सभागृह लागते. आणि या सर्वांआधी कोणाचे तरी निमंत्रण लागते. त्या निमंत्रणाखाली कोणाची तरी सही असते. कला परमुलखात जाते तेव्हा ती कोणाच्या सहीने जाते, आणि त्या सहीचा भार कलावंताने किती वाहायचा, हा प्रश्न काही दिवसांपासून आमच्या मनात घोळत आहे. तो वाचकांसमोर ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घरातलेच घडले. आमचा पुतण्या एका लहानशा वाद्यवृंदात गिटार वाजवतो. मित्रांना घेऊन त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८ सालचा चित्रपट आमच्याकडे पुन्हा एकदा पाहिला. ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची ती कथा आहे. फ्रेडीचे मूळ नाव फारोख बलसारा. १९४६ साली झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि शिक्षणासाठी आईवडिलांनी त्याला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथेच शाळासोबत्यांबरोबर त्याने आपला पहिला वाद्यवृंद उभा केला. त्यामुळे हा जगप्रसिद्ध गायक आपल्या मुलांना थोडासा आपलाच वाटतो, आणि त्यात गैर काही नाही.

चित्रपट संपला. मंडळी गाणी गुणगुणत उठली. पुतण्या मात्र बसून राहिला. “काका, यात सन सिटीचे काहीच कसे नाही?” त्याने विचारले. दोन तासांच्या चित्रपटात सगळे कसे मावणार, असे आम्ही म्हटले खरे. परंतु ते उत्तर नव्हे, हे त्यालाही कळले आणि आम्हांलाही. त्या प्रश्नामागे त्याचा स्वतःचा एक प्रश्न उभा होता. त्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी त्या वाद्यवृंदाची हकिगत सांगितली पाहिजे.

१९८० सालापर्यंत क्वीनने ब्रिटन, युरोप, अमेरिका आणि जपान हे मुलूख गाण्याने जिंकले होते. दक्षिण अमेरिकेत त्यांच्या तबकड्या खपत होत्या. परंतु तेथील फुटबॉलच्या मैदानांत दौरा काढण्याचे धाडस इंग्लंड-अमेरिकेतील बडे वाद्यवृंद सहसा करीत नसत. असा नवा मुलूख उघडणे म्हणजे केवळ विमानाची तिकिटे काढणे नव्हे. तेथील व्यवस्थापकाने मानधनाची हमी द्यावी लागते, जकातीच्या नाक्यावरून यंत्रसामग्री सोडवून घ्यावी लागते, पोलिसांची परवानगी मिळवावी लागते. आर्जेंटिनाचे चलन त्या सुमारास कृत्रिमरीत्या महाग ठेवण्यात आले होते. त्यामुळे परदेशी माल आणि परदेशी कलावंत, दोन्ही आणणे तेथील व्यवस्थापकांना परवडू लागले होते. फेब्रुवारी १९८१ मध्ये टोकियोतील कार्यक्रम आटोपून क्वीनची मंडळी आर्जेंटिनाकडे निघाली. अनेक टन वजनाचे ध्वनिक्षेपक व दिवे विमानाने नेण्यात आले. मैदानावरील हिरवळ श्रोत्यांच्या पायांखाली तुडवली जाऊ नये, म्हणून तीवर अंथरायला कृत्रिम हिरवळसुद्धा बरोबर घेतली होती.

२८ फेब्रुवारी १९८१ रोजी ब्वेनोस आयरेसच्या वेलेस सार्सफील्ड मैदानावर पहिला कार्यक्रम झाला. फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना एका कार्यक्रमात रंगमंचावर येऊन गेला. पुढे २० मार्चला ब्राझीलमधील साओ पावलो येथे सुमारे १ लाख ३१ हजार लोक एका रात्री जमले. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे गीत सुरू झाले, तेव्हा स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या त्या जनसागराने ते इंग्रजीत गाऊन दाखवले. व्यापाराच्या भाषेत नवी बाजारपेठ उघडली गेली. गाणाऱ्यांच्या भाषेत, आपल्याला ओळखणारी माणसे जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहेत, असा तो साक्षात्कार होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

परंतु त्याच शहरात आणखी एक मैदान होते. प्लाझा दे मायो या मुख्य चौकात १९७७ सालापासून दर गुरुवारी काही स्त्रिया डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या घालीत. मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यापासून त्यांची मुले बेपत्ता झाली होती. लष्करी राजवट संपल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ च्या अहवालात ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा ३० हजार मानतात. १९८१ साली हे सारे जगाला अज्ञात होते, असेही म्हणता येत नाही. अदोल्फो पेरेस एस्किवेल या आर्जेंटिनाच्याच कॅथोलिक कार्यकर्त्यास १९८० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले होते, आणि त्याआधी चौदा महिने तो त्याच राजवटीच्या तुरुंगात काढून आला होता.

राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे लवकरच हाती घेणारे जनरल व्हियोला यांनी क्वीनच्या मंडळींना भेटीस बोलावले. तिघे गेले. ढोलवादक रॉजर टेलर गेला नाही. आपण येथील लोकांसाठी वाजवायला आलो आहोत, सरकारसाठी नव्हे, अशी त्याची भूमिका होती. एकाच वाद्यवृंदातील चौघे, एकच दौरा, एकच करार. तरीही उंबरठ्यापाशी पोहोचल्यावर प्रत्येकाला आपापला निर्णय करावा लागला. कराराखाली चौघांची सही एकत्र असते, सदसद्विवेकबुद्धी मात्र ज्याची त्याची असते.

मग क्वीनने आर्जेंटिनाला जाऊच नये होते काय? आमचे मत तसे नाही. त्या काळी आर्जेंटिनाच्या तरुणांना चार जणांनी एकत्र जमण्याचीही धास्ती वाटे. त्यांना हजारोंच्या सोबतीने मोठ्याने गाण्याची एक रात्र मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय पीडितांचे म्हणणे काय होते, तेही पाहिले पाहिजे. १९७८ साली तेथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. युरोपात तिच्यावर बहिष्काराची हाकही निघाली होती. परंतु चौकातील त्या मातांनी, आलेल्या परदेशी पत्रकारांना गाठून त्यांच्यासमोर आपले गाऱ्हाणे मांडले. बाहेरचे डोळे देशात यावेत, हीच त्यांची आशा होती. पाहुण्यांनी येऊ नये, असे त्यांचे मागणे नव्हते. आलेल्या पाहुण्यांनी पाहावे, एवढेच होते. क्वीनच्या त्या दौऱ्याच्या वर्णनांत प्रामुख्याने मैदाने, गर्दी आणि मॅराडोना येतात. म्हणून आमच्या मते उणेपण जाण्यात नव्हते. जाऊन न पाहण्यात होते. आणि सत्ताधाऱ्यांचे प्रेम किती टिकाऊ असते, हेही लवकरच दिसले. एप्रिल १९८२ मध्ये बेटांवरून ब्रिटनशी युद्ध जुंपताच त्याच लष्करी राजवटीने आकाशवाणीवरून इंग्रजी गाणी हद्दपार केली.

आता सन सिटी. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या सरकारने कृष्णवर्णीयांसाठी तथाकथित ‘स्वदेश’ निर्माण केले होते. त्यांतील बोफुथात्स्वाना हा प्रदेश ६ डिसेंबर १९७७ रोजी स्वतंत्र झाल्याचे जाहीर करण्यात आले. परस्परांपासून तुटलेल्या तुकड्यांचा तो देश दक्षिण आफ्रिकेबाहेरील एकाही राष्ट्राने मान्य केला नाही. त्याचा हेतू उघड होता. कृष्णवर्णीय माणूस ‘तिकडचा’ नागरिक झाला, म्हणजे जन्मभूमीत तो परका ठरतो. मग त्याला मतदानाचा हक्क द्यायला नको. या कृत्रिम देशात १९७९ साली सन सिटी हे आलिशान विश्रामस्थळ उघडले. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती, ‘परदेशात’ नव्हती. जोहान्सबर्गची सधन गोरी माणसे दोन तास मोटार हाकून तेथे जात, जुगार खेळत आणि जगप्रसिद्ध गायक ऐकत. त्या गायकांना मानधन मिळे ते डोळे दिपवणारे. कारण त्यांच्याकडून केवळ गाणे विकत घेतले जात नव्हते. एवढे थोर कलावंत येथे येतात, म्हणजे हा देश खराच असला पाहिजे, हा आभासही त्याच रकमेत विकत घेतला जात होता.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६८ सालीच या राजवटीशी सांस्कृतिक व क्रीडाविषयक संबंध थांबवण्याचे आवाहन केले होते. ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने आपल्या सभासदांना तेथे वाजवण्यास मनाई केली होती. हे सर्व ठाऊक असूनही ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीन सन सिटीला गेली. पहिल्या दिवसांतच फ्रेडीचा आवाज बसला आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले. परत आल्यावर संघटनेने दंड केला, वृत्तपत्रांनी झोडपले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीने प्रसिद्ध केलेल्या यादीत त्यांचे नाव चढले. दुसऱ्या वर्षी अमेरिकेतील स्टीव्हन व्हॅन झँट याने अनेक कलावंतांना एकत्र आणून ‘सन सिटी’ याच नावाचे गीत काढले. आम्ही तेथे वाजवणार नाही, हाच त्या गीताचा आशय होता.

क्वीनची बाजू ऐकून घेतल्याविना निवाडा करणे बरे नव्हे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: आम्ही राजकारणी नाही, ज्यांना आमचे गाणे ऐकायचे आहे त्यांच्यासाठी आम्ही गातो. सन सिटीच्या सभागृहात काळा-गोरा भेद केला जात नव्हता. शिवाय तेथील बधिर व अंध मुलांच्या एका शाळेसाठी आम्ही देणगी दिली आहे.

यांतील एकही विधान खोटे नाही. म्हणूनच ते तपासणे अवघड जाते. सभागृहाचे फाटक सर्वांना उघडे होते. परंतु फाटक उघडे असणे निराळे आणि फाटकापर्यंत पोहोचता येणे निराळे. ज्या मजुराची मिळकत तिकिटापुरतीही नाही, ज्याच्याकडे तेथवर जायला वाहन नाही, त्याला ते उघडे फाटक काय कामाचे? देणगीचे म्हणाल तर ती शाळेतील मुलांच्या उपयोगी पडली असेल, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. परंतु दान हे चुकलेल्या हिशेबाची वजाबाकी करीत नाही. दान एका रकान्यात लिहायचे असते आणि न्याय दुसऱ्या. एका रकान्यातील शिल्लक दुसऱ्यात ओढण्याची सवय तुम्हां-आम्हांलाही आहे. ती मोडलेली बरी.

राहिला मुद्दा राजकारणाचा. आम्ही राजकारणी नाही, असे कलावंत प्रामाणिकपणे म्हणू शकतो. परंतु त्याला बोलावणारा राजकारणी असेल, तर कलावंताच्या निरागसपणाचाच तो वापर करतो. किंबहुना असा निरागस पाहुणाच त्याला हवा असतो.

येथे आपल्या देशाची एक आठवण सांगणे उचित होईल. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. हा निर्णय १९४६ सालचा. पुढे १९७४ साली विजय आणि आनंद अमृतराज यांच्या खेळाच्या बळावर भारतीय टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच प्रतिपक्षाकडे गेला. आमच्या पिढीतील क्रीडाप्रेमींना त्याची हळहळ वाटे. ऐन तारुण्यातील खेळाडूंच्या हातून तो चषक निसटला, याची किंमत कमी लेखू नये. त्याग केला देशाने, परंतु त्यात रिकामे राहिले ते खेळाडूंचे हात. बहिष्काराच्या गोष्टी सांगताना ही बाजू आपण विसरतो.

आणि बहिष्कारही निर्दोष नसतो. अमेरिकन गायक पॉल सायमन १९८५ साली जोहान्सबर्गला गेला, तो सन सिटीत गाण्यासाठी नव्हे. त्याने तेथील कृष्णवर्णीय संगीतकारांबरोबर ध्वनिमुद्रण केले, त्यांना उत्तम मोबदला दिला आणि १९८६ सालच्या ‘ग्रेसलँड’ या तबकडीद्वारे त्यांचे संगीत जगापुढे नेले. तरीही बहिष्कार मोडल्याचा ठपका त्याच्यावर आला. १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शने झाली. त्याच वेळी सभागृहाच्या आत त्याच्याबरोबर मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला गात-वाजवत होते. वर्णभेदामुळे स्वतः हद्दपारीचे जिणे जगलेली ही माणसे. म्हणजे पीडितांच्या बाजूचे लोक दाराबाहेरही होते आणि दाराच्या आतही होते. अशा वेळी निर्मळ उत्तर कोणाजवळ असणार?

एवढे सारे पाहिल्यावर आम्हांस एकच कसोटी हाती लागल्यासारखी वाटते. परमुलखात पाऊल टाकताना ‘मी शुद्ध आहे काय’ हा प्रश्न पुरेसा नाही. शुद्ध कोणीच नसते. आणि केवळ शुद्ध राजवटींच्या देशांतच गायचे ठरवले, तर गायकांना घरी बसावे लागेल. ‘माझा हेतू काय आहे’ हा प्रश्नही पुरेसा नाही, कारण आपला हेतू आपल्याला नेहमी चांगलाच दिसतो. विचारायचा प्रश्न असा, की या ठिकाणी ज्यांच्यावर अन्याय होत आहे, ते माझ्याकडे काय मागत आहेत? आर्जेंटिनातील माता मागत होत्या: या, आणि आमच्याकडे पाहा. दक्षिण आफ्रिकेतील मुक्तिलढ्याचे नेते मागत होते: येऊ नका. एकाच वाद्यवृंदाने दोन्हीकडे एकच उत्तर दिले: आम्ही फक्त गाणार. कोणी काय मागितले आहे, हे ऐकण्याआधीच ते उत्तर तयार होते, आणि चूक तेथे होती. निमंत्रणपत्र पाठवतो तो सभागृहाचा मालक. परंतु खरा यजमान त्या भूमीवर राबणारा माणूस असतो. त्याच्या घरी त्याला न विचारता जाणारा पाहुणा कितीही गोड गायला, तरी तो आगंतुकच.

हे ऐकणे सोपे नाही. पीडितांचे एकमत नसते, हे ग्रेसलँडच्या प्रसंगात दिसलेच. तरीही ऐकल्यानंतर चुकणारा आणि न ऐकता चुकणारा यांत फरक आहे. पहिल्याला आपली चूक पुढे उमगू शकते.

इतिहासाने या कथेला एक शेवट दिला आहे, तो सांगितला पाहिजे. फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या आजाराने निवर्तला. वर्णभेदी राजवट संपली आणि एप्रिल १९९४ मध्ये बोफुथात्स्वाना हा नकली देश नकाशावरून पुसला गेला. २९ नोव्हेंबर २००३ रोजी केपटाउनमध्ये एड्सविरोधी कार्यासाठी मोठा कार्यक्रम झाला. त्याचे नाव होते ४६६६४, म्हणजे नेल्सन मंडेला यांचा तुरुंगातील क्रमांक. त्या रंगमंचावर क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर वाजवत होते, आणि या वेळचे निमंत्रण मंडेलांच्या मोहिमेचे होते. त्याच देशात, तीच माणसे, तीच वाद्ये. बदलली होती ती निमंत्रणाखालची सही. ज्यांनी एकेकाळी येऊ नका म्हटले होते, त्यांनीच दार उघडले होते. क्षमा अशी असते, असे आम्हांस वाटते. ती मागचा हिशेब पुसून टाकीत नाही, परंतु पुढच्या पानावर लिहू देते.

आता पुतण्याचा प्रश्न. त्याच्या वाद्यवृंदाला एका नव्या विश्रामस्थळाच्या उद्घाटनाचे बोलावणे आले होते. मानधन त्यांच्या नेहमीच्या बिदागीच्या चौपट. ज्या जमिनीवर ते उभे राहिले, तिच्यावरून शेजारच्या वाडीशी तंटा चालू आहे. वाडीची विहीर कुंपणाच्या आत गेली आहे. “आम्ही काय, दोन तास वाजवून येणार,” असे त्याचे मित्र म्हणत होते. हेच वाक्य आधी कोणी तरी म्हटले आहे, असे त्याला वाटत राहिले, आणि म्हणून त्याला सन सिटी आठवली.

आम्ही त्याला जा म्हटले नाही, जाऊ नकोस असेही म्हटले नाही. वाडीत जाऊन विचार, एवढेच सांगितले. तो दोनदा जाऊन आला. तेथेही एकमत नव्हते. कोणाचा मुलगा त्याच विश्रामस्थळात माळीकामाला लागला होता. ते घर म्हणाले, खुशाल वाजव. परंतु ज्या बायका आता दूरवरून पाणी आणतात, त्या म्हणाल्या, “बाबा, त्या दिवशी तरी नको.” तो गेला नाही. बाकीचे तिघे गेले आणि चांगले वाजवून आले. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांतल्या एकाच्या घरी आजारपण आहे आणि पैशाची निकड आहे. पुढच्या रविवारी चौघे पुन्हा एकत्र सरावाला बसले होते.

विहीर अजून कुंपणाच्या आतच आहे. एका मुलाने गिटार न वाजवल्याने ती बाहेर येणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक आहे. परंतु आता वाडीतून जाताना त्याला मान खाली घालावी लागत नाही, आणि तेथील माणसे त्याला ओळखतात. कधीतरी त्या वाडीत सणाचे वा आनंदाचे निमित्त घडेल, तेव्हा निमंत्रण येईल. त्याखाली सही कोणाची असेल, हे त्याला विचारावे लागणार नाही.